डिस्चार्ज कार्डानंतरची चाळीस वर्षे

माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



हे पत्र आरोग्यमंत्र्यांच्या नावे जायला हवे होते, असे आपल्या कार्यालयात टपाल फोडणाऱ्याला वाटेल. ते त्यांच्याकडे जाऊन थांबू नये म्हणूनच आपल्याला लिहिले आहे. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द दिसला की कागदावर आरोग्य खात्याचा शेरा पडतो. तिथून तो ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे अहवालासाठी जाणार आणि डॉक्टर आहेत, खाटा आहेत, औषधांचा साठा आहे असे उत्तर येणार. ते उत्तर शब्दशः खरे असले तरी माझा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला समाधानाचे, अर्थपूर्ण आयुष्य जगता येते याचा पुरावा गेली चार दशके जगासमोर आहे आणि त्यातला काही आपल्या राज्यातलाही आहे. त्या आयुष्याचा पाया औषधे घालतात. त्यावरचे घर मात्र काम, निवारा आणि सोबतीची माणसे यांनी उभे राहते. यातले काम उद्योग आणि कामगार खात्यांकडे येते, निवारा गृहनिर्माण आणि सामाजिक न्यायाकडे, प्रमाणपत्र दिव्यांग कल्याणाकडे आणि गोळ्या आरोग्याकडे. या सगळ्यांच्या वर बसणारे एकच पद राज्यात आहे, म्हणून हा कागद आपल्याकडे.

आजाराचे स्वरूप थोडक्यात सांगावे लागेल, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे साधारण तीनशेत एकाला. २०११च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख धरली, तर या प्रमाणाने महाराष्ट्रात पावणेचार लाखांच्या आसपास माणसे होतात. हा निव्वळ गुणाकार झाला. राज्याचा स्वतःचा आकडा हवा असता, तर २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाकडे वळता आले असते. पण त्यासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आजार बहुतेकदा ऐन तारुण्यात, विशीच्या आसपास गाठतो. कानात आवाज येणे, कुणीतरी पाळतीवर आहे असा ठाम संशय, बोलण्याची साखळी तुटणे ही लक्षणे घरादाराला घाबरवतात आणि नेमक्या त्यांच्यावरच औषधे चांगली लागू पडतात. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन आले तेव्हापासूनचा हा अनुभव आहे. दुसरी लक्षणे आरडाओरडा करत नाहीत. आंघोळीपासून कामापर्यंत कशातच मन न लागणे, बोलणे आटणे, चेहऱ्यावरचे भाव पुसट होणे, वाचलेले ध्यानात न राहणे, दोन गोष्टींची सांगड घालताना दमून जाणे. यांवर औषधांचा परिणाम फार थोडा होतो आणि घरचे त्याला आळस म्हणत राहतात. थोडक्यात, गोळीने आवाज थांबतो, पण सकाळी उठून जायला ठिकाण मिळत नाही. बाविसाव्या वर्षी डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी आलेल्या मुलापुढे चाळीस वर्षे पडलेली असतात, त्यांचे काय करायचे ते त्या कार्डावर लिहिलेले नसते.

औषधे सोडा म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही, हे इथेच सांगितलेले बरे. ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वर्षभरात आजार उलटण्याचे प्रमाण औषध चालू असलेल्यांत २७ टक्के, तर औषधाच्या जागी निष्प्रभ गोळी दिलेल्यांत ६४ टक्के होते. एवढा फरक दिसत असताना देवऋषी, गंडेदोरे किंवा ‘मनाने घेतले तर होईल’ असल्या सल्ल्यांवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. पण याच विज्ञानाने दुसरीही एक गोष्ट दाखवली आहे आणि तिच्याकडे धोरण आखणाऱ्यांचे लक्ष कमी गेले आहे. २०१३ मध्ये पन्नास अभ्यासांची छाननी झाली. लक्षणेही आटोक्यात, सामाजिक जीवनही मार्गी आणि ही स्थिती काही काळ टिकलेली, अशी कडक व्याख्या लावल्यावर बरे झालेल्यांचे प्रमाण साडेतेरा टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे सातांत एक. जागतिक आरोग्य संघटना सैल व्याख्येने तिघांत किमान एक म्हणते. या दोन आकड्यांतल्या अंतराचा वाद तज्ज्ञांनी घालावा. मला त्या छाननीतली वेगळीच ओळ महत्त्वाची वाटते. दशकांमागून दशके नवी औषधे येऊनही हे प्रमाण वाढलेले दिसले नाही. औषधे ज्या टोकापर्यंत नेऊ शकतात तिथपर्यंत त्यांनी आणून सोडले आहे आणि पुढची वाट आपण बांधलेलीच नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

ती वाट बांधली तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातले आहे. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांत वर्षानुवर्षे पडून असलेल्या, ‘यांचे काही व्हायचे नाही’ अशा गटातल्या २६९ जणांना १९५०च्या दशकात पुनर्वसनाच्या एका कार्यक्रमात घेतले गेले. राहण्याची सोय, काम आणि बाहेरच्या जगात सोबत असा तो कार्यक्रम होता. सरासरी ३२ वर्षांनी कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांचा माग काढला. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत लोक बरेच सुधारलेले किंवा बरे झालेले आढळले. आता यावर कुणी म्हणेल की काळाबरोबर आजार आपोआप निवळत असेल, कार्यक्रमाचे श्रेय कशाला? ही शंका संशोधकांनाही आलीच. त्यांनी मेन राज्यातल्या मनोरुग्णालयातून वय, लिंग, निदान आणि रुग्णालयातला काळ जुळवून तसेच लोक निवडले. औषधे तिकडेही होती, लोक बाहेरही आले होते. पुनर्वसनाचा तसा कार्यक्रम तेवढा नव्हता. १९९५ मध्ये तुलना छापून आली. व्हर्माँटची माणसे अधिक संख्येने कामात होती, त्यांची लक्षणे कमी होती आणि लोकांत त्यांचे वावरणे अधिक सहज होते. ही काही नाणेफेक करून गट पाडलेली चाचणी नव्हती, त्यामुळे तिच्यावर सगळा भार टाकता येणार नाही. तशी चाचणी पुढे युरोपात झाली. लंडनपासून सोफियापर्यंतच्या सहा केंद्रांत गंभीर मानसिक आजार असलेल्या ३१२ लोकांपैकी निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने आधी प्रशिक्षण आणि मग नोकरीचा शोध असे नेले. उरलेल्यांना थेट खऱ्या नोकरीत बसवून मागे आधार देणारा कार्यकर्ता ठेवला. दीड वर्षात किमान एक दिवस तरी खुल्या बाजारातले काम केलेले लोक दुसऱ्या गटात ५५ टक्के होते, पहिल्यात २८. किमान एक दिवस ही कसोटी तोकडी आहे, मान्य. पण त्याच काळात पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले दुसऱ्या गटात २० टक्के आणि पहिल्यात ३१ टक्के होते. कामाच्या ताणाने हे लोक कोलमडतील, या भीतीपोटी त्यांना घरी बसवून ठेवले जाते. ती भीती या चाचणीत तरी खरी ठरली नाही.

परदेशातले इथे चालेल का, हा प्रश्न आपले अधिकारी विचारतील आणि विचारायलाच हवा. त्याचे उत्तर थेट आपल्या मातीतले आहे. तामिळनाडूतले कांचीपुरम, गोवा आणि आपला सातारा अशा तीन ठिकाणी २८२ लोकांवर एक चाचणी झाली आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ने ती छापली. एका गटाला दवाखान्यातले नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्याशिवाय स्थानिक, प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेला कार्यकर्ता घरी येऊन भेटत राहिला. गोळ्यांचे वेळापत्रक, घरच्यांशी बोलणे, कामाचा विचार, सरकारी योजनांची माहिती हे त्याचे काम. वर्षभराने या गटात लक्षणे आणि अपंगत्व दोन्ही कमी आढळले. फरक माफक होता, तो फुगवून सांगण्यात काही मिळवायचे नाही. पण तो सर्वाधिक दिसला कुठे, तर कांचीपुरमच्या ग्रामीण भागात. जिथे आधीपासून जवळपास काही नव्हते, तिथे थोड्याशा हालचालीनेही फरक पडतो, असे मला त्यातून दिसते. गडचिरोली आणि नंदुरबारकडे पाहताना हे ध्यानात घ्यावे.

दोन गणितज्ञांची तुलना या संदर्भात मला टाळता येत नाही. जॉन नॅश यांना १९५९ मध्ये पहिल्यांदा रुग्णालयात ठेवले गेले, १९९४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मधल्या वर्षांत घटस्फोटित पत्नीने त्यांना १९७० मध्ये पुन्हा घरात जागा दिली आणि प्रिन्स्टन विद्यापीठाने त्यांना आपल्या आवारात, ग्रंथालयात, फळ्यांसमोर वावरू दिले. कुणी हुसकावले नाही. दुसरे वशिष्ठ नारायण सिंह, बिहारच्या भोजपूरमधल्या बसंतपूरचे. बर्कलीतून १९६९ साली पीएचडी, पुढे आयआयटी कानपूर आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही काही काळ. आजार सुरू झाल्यावर रांचीचे रुग्णालय, मग १९८९ मध्ये प्रवासात बेपत्ता झाले ते सुमारे चार वर्षांनी हलाखीत सापडले. पुढची वर्षे भावांनी सांभाळले. २०१९ मध्ये पाटण्यात निधन झाले, पद्मश्री मिळाली ती मरणोत्तर. दोघांचा आजार सारख्याच तीव्रतेचा असेल असे नाही, आणि अलौकिक बुद्धीच्या माणसांवरून सामान्यांचे धोरण ठरवू नये. तरीही एकाभोवती संस्था टिकून राहिली आणि दुसऱ्याभोवतीची त्याच्या उमेदीच्या काळातच विरली, हा फरक केवळ रोगाच्या तीव्रतेतून आलेला नाही. (नॅश यांनी पुढे औषधे घेतली नव्हती, याचा दाखला देऊन कुणी घरातल्याची गोळी बंद करू नये. ते शंभरातल्या त्या थोड्या लोकांपैकी होते ज्यांचे तसे निभावले.)

इथे सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत लाडका आक्षेप येतो. आपल्याकडे कुटुंब आहे, ते सांभाळते, सरकारने त्यात कशाला पडायचे? या आक्षेपाला एकेकाळी शास्त्रीय आधारही मिळाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९६०च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात आग्रा आणि नायजेरियातल्या इबादानमधील रुग्णांची स्थिती लंडन-वॉशिंग्टनपेक्षा बरी निघाली आणि एकत्र कुटुंबाच्या महतीवर बरेच लिहिले गेले. २००८ मध्ये विक्रम पटेल, चेन्नईच्या आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब देशांतले इतर अभ्यास समोर ठेवून या समजुतीला सूत्रासारखे मानण्यावर प्रश्नचिन्ह लावले. आणि अभ्यास बाजूला ठेवला तरी, कुटुंब म्हणजे नेमके कोण? बहुतेक घरांत ती आई असते, नाहीतर बहीण किंवा बायको. आजार बाईला झाला तर तिची रवानगी माहेरी होते, पोटगी मिळेलच असे नाही. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्था आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेभोवती उभे राहिलेले आधारगट यांत आजारी व्यक्तीला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. या शुभंकरांच्या बैठकीत इतर सगळ्या विषयांच्या मागे एकच प्रश्न असतो, ‘आमच्यानंतर काय?’ सत्तरीतले आईवडील आणि पंचेचाळिशीतला मुलगा, हे चित्र वाढत जाणार आहे. घरे लहान होत चालली आहेत, भावंडे पुण्यात नाहीतर परदेशात. कुटुंबाला श्रेय जरूर द्यावे. पण ज्याला निवृत्तीचे वय नाही आणि रजा नाही अशी एक नोकरी आपण पावणेचार लाख घरांवर लादून ठेवली आहे, हेही त्याबरोबर नोंदवावे. शिवाय जो आयुष्यभर फक्त कुणाचा तरी आजारी मुलगा म्हणून जगला, त्याचे जगणे सुरक्षित असेल, समाधानाचे असेलच असे नाही. आपल्या कमाईचा डबा, आपला मित्र, आपली खोली, आपण घेतलेला चुकीचा निर्णयसुद्धा, हे त्यालाही हवे असते.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तो जास्त प्रामाणिक आहे. ‘समाधानाचे आयुष्य’ वगैरे बोलून तुम्ही एका गंभीर आजाराला गोंडस करता, असे ते म्हणतात. काहींना कुठल्याच औषधाने पुरता आराम पडत नाही. क्लोझापिन द्यावे लागते, त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. या आजाराची माणसे इतरांपेक्षा लवकर जातात, बहुतेकदा हृदयविकार, मधुमेह, संसर्ग अशा शारीरिक कारणांनी. सगळे खरे आहे. म्हणूनच समाधानाची कसोटी ‘लक्षणे शून्य’ अशी ठेवू नये. मधुमेही माणसाचे आयुष्य साखरेच्या अहवालावरून भरलेले की रिकामे हे आपण ठरवत नाही. पुण्याच्या रेश्मा वल्लीअप्पन यांनी आपल्या स्किझोफ्रेनियाविषयी उघडपणे लिहिले, चित्रे काढली, पुस्तक केले. अमेरिकेत एलिन सॅक्स या कायद्याच्या प्राध्यापक आहेत, औषधे घेतात आणि आजाराबद्दल बोलतात. ही अपवादात्मक माणसे आहेत हे उघड आहे. पण ज्याला कायम कुणाच्या तरी आधाराने राहावे लागेल, अशा सर्वांत आजारी माणसाचाही प्रश्न या पत्राच्या बाहेरचा नाही. त्याने वॉर्डात राहायचे की चार जणांच्या साध्या घरात, जिथे मदतनीस आहे, बाजाराची पिशवी आहे आणि संध्याकाळी दार उघडून बाहेर बसता येते? ‘द बॅनियन’ या चेन्नईच्या संस्थेने ‘होम अगेन’ नावाने अशी घरे चालवून दाखवली आहेत आणि अनेक वर्षे रुग्णालयात काढलेले लोक त्यांत राहतात.

धोक्याचा आक्षेप कुणी तोंडावर घेत नाही, पण नोकरी आणि भाड्याचे घर नाकारताना मनात तोच असतो. हे लोक हिंसक होतील. बहुसंख्य होत नाहीत. उलट त्यांच्यावरच अत्याचार होण्याची शक्यता अधिक असते. उपचार नसतील आणि जोडीला दारू किंवा अन्य नशा असेल तर धोका वाढतो, हे लपवण्याचे कारण नाही. पण स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात तीच माणसे औषधांवर असतानाच्या काळात हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा धोक्याची खरोखर काळजी असेल, तर माणसाला उपचारात टिकवून ठेवणे हा तिच्यावरचा उपाय. आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखी नोकरी आणि घर आहे, त्याला उद्याची गोळी घेण्याचे कारणही जास्त असते. मालकाला करावी लागणारी तडजोड तरी किती? गोळ्यांच्या झापडीमुळे पहाटेची पाळी नको, झोप बिघडली की आजार उलटू शकतो म्हणून रात्रपाळी नको, महिन्यातून अर्धा दिवस ओपीडीसाठी, तोंडी सांगण्याऐवजी लिहून दिलेले काम. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच गोष्टींना वाजवी सोय म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील रविंदर कुमार धारीवाल यांच्या प्रकरणात मानसिक आजाराशी जोडलेल्या वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई हा भेदभाव ठरू शकतो, असे म्हटले.

त्या अधिनियमाने सरकारी पदांत चार टक्के आरक्षण दिले आणि त्यातला एक टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता आणि बहुदिव्यांगता या सगळ्यांना मिळून आहे. तेवढ्याही वाटेवर एक खड्डा आहे. आरक्षणासाठी ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मानसिक आजाराचे मोजमाप ज्या पट्टीने होते, तिच्या चार भागांपैकी एक ‘काम’ हा आहे. माणूस धडपडून काम करू लागला की त्याचे गुण उतरतात आणि फेरतपासणीत प्रमाणपत्र जाण्याची भीती उभी राहते. बरे होण्याचा दंड भरावा लागेल अशी ही रचना आहे. ती केंद्राची आहे हे मला ठाऊक आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढून आपल्या राज्याने पुढाकाराचे कौतुक करून घेतले आहे, तेव्हा केंद्राकडे हा मुद्दा लावून धरण्याचे काम त्या विभागाला सांगता येईल. संजय गांधी निराधार योजनेचा लाभही नोकरी लागताच एकदम न तोडता हळूहळू कमी करता येईल. ते तर पूर्णपणे राज्याच्याच हाती आहे.

निवाऱ्याबाबत कायदा आणखी स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७च्या कलम १९ ने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. ज्यांना मनोरुग्णालयाची गरज उरलेली नाही त्यांच्यासाठी निमघरे (हाफवे होम) आणि गटघरे सरकारने वाजवी मुदतीत उभी करावीत किंवा उभारणाऱ्यांना आधार द्यावा, असे तिथे लिहिले आहे. त्या कायद्याला अंमलात येऊन वर्षे लोटली. दरम्यान जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राने मनोरुग्णालयांतल्या लोकांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवल्याची गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि ते थांबवा, असे न्यायालयाला सांगावे लागले. पैसा नाही, हे उत्तर मला पटत नाही. आधी आहे त्यात किती जणांची सोय होते ते पाहू. राज्याच्या चार मनोरुग्णालयांच्या मंजूर खाटा साडेपाच हजारांच्या थोड्या वर आहेत. त्या सगळ्याच्या सगळ्या याच आजाराला दिल्या तरी पावणेचार लाखांतल्या साठ-सत्तर जणांमागे एकाला जागा मिळेल. म्हणजे पासष्टातले चौसष्ट आधीपासूनच वस्तीत आहेत, फक्त त्यांच्यामागे राज्य नाही. त्यातले काही रस्त्यावर आहेत. कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचे डॉ. भरत वाटवानी अशांना उचलून, बरे करून घरी पोचवतात आणि २०१८ मध्ये त्यांना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एका संस्थेचे कौतुक करताना, हे काम तिच्यावर का पडले हे विचारायचे राहून जाते.

लग्नाविषयी एक मुद्दा, जो आरोग्य खात्याला कधी सुचणार नाही. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांपैकी मानसिक आजाराच्या स्पष्टीकरणात १९७६च्या दुरुस्तीने स्किझोफ्रेनियाचे नाव घालून ठेवले आहे. त्याच कायद्यात महारोगही कारण होते. २०१९ मध्ये संसदेने ते काढून टाकले, कारण तो आता बरा होणारा आजार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नुसत्या निदानावर घटस्फोट देता येणार नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागेल असे म्हटले. २०१३ मध्ये स्किझोफ्रेनियावर उपचार होतात म्हणून एका पतीची मागणी फेटाळली. तरी नाव कायद्यात आहे तसेच आहे आणि त्याचा उपयोग बहुतेकदा कोर्टाच्या आधीच, लग्न ठरवताना आणि मोडताना होतो. मोडलेला संसार कायद्याने जबरदस्तीने टिकवावा असे मला म्हणायचे नाही. त्यासाठी क्रूरता, परित्याग ही कारणे आहेतच. एका आजाराचे नाव घेऊन कायदा जो शिक्का मारतो, तेवढा पुसावा. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे; तामिळनाडूने १९६७ मध्येच या कायद्यात आपली दुरुस्ती केली होती. महाराष्ट्र विधिमंडळालाही राष्ट्रपतींच्या संमतीने हे नाव वगळणारी दुरुस्ती करता येईल. वरोऱ्याजवळ महारोग्यांसाठी आनंदवन उभे राहिले त्या राज्याला, औषधाने जंतू मरतो पण माणूस उभा राहतो तो कामाने, हे नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. फरक एवढाच, की स्किझोफ्रेनियाच्या माणसांसाठी वेगळी वसाहत नको आहे. त्यांना नालासोपाऱ्यात, हडपसरला, परभणीतच राहायचे आहे.

मागणी सोपी ठेवतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक जिल्ह्यात नोकरीसाठी सोबत करणारा एक कार्यकर्ता नेमावा, ज्याचे यश त्याने भरलेल्या फॉर्मवर न मोजता सहा महिने नोकरीत टिकलेल्या माणसांवर मोजले जाईल. निमघरे आणि गटघरे यांचा खर्च आरोग्य आणि सामाजिक न्याय यांनी एकमेकांकडे न ढकलता आपल्या कार्यालयाने एका शीर्षाखाली बांधून द्यावा. आणि नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनात विरोधकांनी तारांकित प्रश्न टाकण्याची वाट न पाहता तीन आकडे सभागृहाच्या पटलावर ठेवावेत. चारही मनोरुग्णालयांत घरी जाण्यास योग्य ठरूनही जागा नसल्याने थांबलेली माणसे किती, हा पहिला. दुसरा, कलम १९ खाली राज्याने चालवलेली किंवा मदत दिलेली घरे किती आणि कोणत्या जिल्ह्यांत. तिसरा, दिव्यांग अधिनियम लागू झाल्यापासून त्या एका टक्क्यातून मानसिक आजार असलेल्या किती जणांना नेमणुकीचे पत्र मिळाले. हे आकडे कोणत्या खात्याने द्यायचे यावर मंत्रालयात पहिल्याच आठवड्यात वाद होईल. तो वाद आपल्यासमोर व्हावा.

कळावे,
राज्यातील एक नागरिक